थोडक्यात वाचलेल्यांचंही ऐका

प्रति,
कारखाने, बांधकामं, जहाजं, रेल्वे, विमानसेवा, रुग्णालयं चालवणारे आणि तिथल्या सुरक्षेच्या कागदांवर ज्यांची सही लागते ते सर्व,

सप्रेम नमस्कार.

अपघात झाला की तुम्ही धावून येता. जागेभोवती पट्टी लागते, फोटो निघतात, जबाब घेतले जातात, चौकशी समिती बसते. ते सगळं व्हायलाच हवं. मी आज लिहितोय ते होता होता राहिलेल्या अपघाताबद्दल. ज्यात कुणाला खरचटलंसुद्धा नाही, त्याचीही चौकशी तेवढ्याच गांभीर्याने करा आणि तो सांगायला जो येईल त्याच्यावर कारवाई होणार नाही याची लेखी हमी द्या, एवढीच माझी मागणी आहे.

मी देखभाल विभागात फिटर आहे. आमच्यात असा एकही माणूस नाही ज्याच्याकडे असा एखादा किस्सा नाही. 'लाइन बंद केलीय' असं सांगून पॅनल ताब्यात दिलं, हात घालण्याआधी सवयीने टेस्टर लावला तर दिवा पेटला. टाकी साफ करायला उतरलेल्याला दोन पायऱ्यांवरच गरगरलं म्हणून तो उलटा फिरला. आत पुरेसा ऑक्सिजनच नव्हता. रात्रपाळीच्या नर्सने सारख्याच दिसणाऱ्या दोन कुप्यांमधली भलतीच उचलली होती, सिरिंज भरायच्या आधी नाव पुन्हा वाचलं म्हणून लक्षात आलं. हे किस्से कपडे बदलायच्या खोलीत सांगितले जातात, घरी जाताना सांगितले जातात. ऐकणारा 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' म्हणतो आणि विषय तिथे संपतो. तुमच्यापर्यंत त्यातलं काहीच येत नाही.

ते न आल्याने काय होतं, हे जगाने एकदा फार मोठी किंमत मोजून पाहिलंय. 1 डिसेंबर 1974 ला अमेरिकेत ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं उड्डाण क्रमांक 514 वॉशिंग्टनला येत होतं. आडवा वारा जोराचा होता म्हणून ते डलस विमानतळाकडे वळवण्यात आलं. नियंत्रकाने धावपट्टीकडे यायला परवानगी दिली. वैमानिकांनी त्याचा अर्थ असा घेतला की आता थेट 1800 फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही. पुढे डोंगर असता तर नियंत्रकाने अडवलं असतं, असं त्यांनी धरलं. नियंत्रकाच्या हिशेबात मात्र डोंगरापासून वर राहणं हे वैमानिकांनी पाहायचं होतं. दोघेही आपापल्या परीने नियमाने वागत होते. विमान ढगांमधून खाली आलं आणि व्हर्जिनियातल्या माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळलं. विमानातली सर्वच्या सर्व 92 माणसं गेली.

चौकशीत पुढे जे आलं ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. साधारण सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच जागी, तसल्याच गैरसमजातून खाली उतरलं होतं आणि त्याच डोंगराला धडकता धडकता वाचलं होतं. त्या वैमानिकांनी तोंड मिटून ठेवलं नव्हतं. त्यांनी आपल्या कंपनीला कळवलं, आणि कंपनीने आपल्या सगळ्या वैमानिकांना सावध केलं. म्हणजे एका कंपनीतल्या प्रत्येक वैमानिकाला हा फास कुठे आहे ते ठाऊक होतं आणि दुसऱ्या कंपनीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगणाऱ्याने सांगितलं, ऐकणाऱ्याने ऐकलं, तरी 92 माणसं मेली, कारण ती बातमी भिंतीपलीकडे न्यायला वाटच नव्हती.

त्यानंतर तरी वाट निघाली. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 1975 मध्ये अशा घटना कळवण्याची योजना सुरू केली, पण वैमानिकांचा तिच्यावर विश्वास बसेना. जो परवाना रद्द करू शकतो त्याच्याच हातात आपल्या फजितीचा कागद कोण देईल? म्हणून 1976 पासून ते काम नासाकडे सोपवलं गेलं. नासाला कुणाला दंड करायचा नव्हता, कुणाचा परवाना काढून घ्यायचा नव्हता. वैमानिक, नियंत्रक, विमानाची देखभाल करणारे, केबिनमधले कर्मचारी, कुणीही लिहावं. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं जातं आणि उरलेली हकिकत सगळ्यांसाठी खुली होते. घटनेनंतर 10 दिवसांच्या आत कळवलं आणि हातून घडलेलं मुद्दाम केलेलं नसेल, तर नियमभंग झाला असला तरी दंडातून सूट मिळते. प्रत्यक्ष अपघात झाला असेल किंवा गुन्हा असेल तर ही सूट नाही. 'असं केलं तर शिस्तच उरणार नाही' असं म्हणणाऱ्यांनी ही शेवटची दोन वाक्यं नीट वाचावीत. शिस्त आहे तिथेच आहे. फक्त चुकून घडलेल्या गोष्टीची भीती काढून घेतलीय.

आता आमच्या शेडमध्ये काय झालं ते सांगतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही कारखान्यात घडू शकतं आणि घडतं.

क्रेनने एक जड मोटर उचलून फाउंडेशनवर बसवायची होती. मोटर वायर रोपच्या स्लिंगला, म्हणजे वजन उचलायच्या तारांच्या दोराला लटकलेली, आणि मी व माझा हेल्पर खाली बोल्टची भोकं जुळवायला उभे. तेवढ्यात स्टोअरवाल्याने सहीसाठी हाक मारली. मी दाराकडे निघालो, हेल्पर पुसायचा कपडा आणायला माझ्या मागोमाग निघाला. पाठीमागे आधी एक तडाड आवाज झाला आणि लगेच जमीन हादरली. वळून पाहिलं तर मोटर आडवी पडलेली. तिच्या पायाचा कोपरा काँक्रीटमध्ये रुतला होता. माझा पाना तिच्याखाली दबून वाकला होता, आणि तो पाना मी माझ्या पायांजवळ ठेवला होता.

काही वेळ कुणीच बोललं नाही. मग हेल्पर हसायला लागला. थांबेचना. त्याचं हसणं चालू होतं आणि हात थरथरत होते. असं होतं माणसाला. माझे पाय तर बऱ्याच वेळाने कापायला लागले, बसल्यावर.

सुपरवायझर आला. त्याने विचारलं, "लागलं का कुणाला?" आम्ही नाही म्हणालो. "मग चला, शिफ्ट संपायच्या आत मोटर बसली पाहिजे."

मी स्लिंग उचलून त्याला दाखवला. तुटला होता तो फासाच्या मानेजवळ, जिथे दोर वळून परत येतो. तुटलेल्या तारांची टोकं नीट पाहिली तर बहुतेक टोकं तांबूस गंजलेली होती, आणि अगदी थोडी चकचकीत. याचा अर्थ फिटरला सांगावा लागत नाही. चकचकीत तारा आत्ता तुटल्या. गंजलेल्या कधीच्याच तुटलेल्या होत्या. सगळा भार त्या थोड्या तारा पेलत होत्या. किती वजन उचलायचं ते सांगणारा बिल्ला स्लिंगवरून केव्हाच गळून गेला होता. त्याच वेळी आणलेले बाकीचे स्लिंग त्याच स्टँडवर, त्याच ओलसर कोपऱ्यात टांगलेले होते. मी म्हटलं, साहेब, हे सगळे बघायला हवेत. तो हो म्हणाला. तुटलेला स्लिंग भंगारात गेला, मोटर नव्या स्लिंगने बसली, आणि त्या दिवसाच्या नोंदवहीत 'मोटर बसवली' एवढंच लिहिलं गेलं.

पुढे शेजारच्या शेडमध्ये त्या स्टँडवरचा दुसरा स्लिंग तुटला. खाली एक पोरगा उभा होता, ठेकेदाराकडचा, नुकताच लागलेला. त्याच्या पायाचा चवडा गेला. मग चौकशी झाली. स्टँडवरचे सगळे स्लिंग उतरवून तपासले गेले, त्यातले बरेच बाद झाले. अहवालात 'स्लिंगची नियमित तपासणी होत नव्हती' असं लिहिलं गेलं. हे वाक्य आमच्या मोटरच्या दिवशीच लिहिता आलं असतं. पुरावा माझ्या हातात होता. त्या दिवशी कुणाला लागलं नव्हतं, म्हणून तो पुरावा ठरला नाही.

मला तुमचं सगळ्यात जास्त लक्ष इथे हवंय. दोन्ही दिवशी दोर सारखाच कुजलेला होता, तपासणी सारखीच झाली नव्हती. फरक कुठे होता, तर खाली कोण उभं होतं एवढ्यात. आणि तो फरक स्टोअरवाल्याच्या एका हाकेने पडला. तुम्ही चौकशी करायची की नाही हे जर त्या हाकेवर ठरवत असाल, तर सुरक्षेचा कारभार तुमच्या हातात नाही.

वाचल्यावर माणूस सावध होतो असं आपण धरून चालतो. बरेचदा उलटंच होतं. एकदा निभावलं म्हणजे पुढेही निभावेल असं वाटायला लागतं. रॉबिन डिलन आणि कॅथरीन टिन्सली या दोन संशोधक महिलांनी 2008 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ नशिबाने वाचलेली मोहीम लोकांना यशस्वी मोहिमेसारखीच वाटते, आणि असा प्रसंग ठाऊक असलेली माणसं पुढच्या वेळी जास्त धोका पत्करतात, असं त्यांना दिसलं. शिकलेली, अनुभवी माणसंही यातून सुटत नाहीत. ऑक्टोबर 2002 मध्ये नासाचं अटलांटिस अंतराळयान उडताना बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि बाजूच्या बूस्टर रॉकेटवर आदळला. काही बिघडलं नाही, उड्डाणं चालू राहिली. 16 जानेवारी 2003 ला कोलंबिया हे नासाचं दुसरं यान उडताना टाकीच्या त्याच भागातला फोम सुटला आणि या वेळी डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. 1 फेब्रुवारीला परतताना कोलंबियाचे तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर गेले. फोम सुटणं तोवर इतकं नेहमीचं झालं होतं की ती दुरुस्तीची बाब समजली जायची.

आणि जिथे खालची माणसं स्वतःहून सांगतात, तिथे वर काय होतं? हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज या फेरी जहाजाची हकिकत तुमच्यापैकी अनेकांना प्रशिक्षणात शिकवली असेल. 6 मार्च 1987 ला बेल्जियममधल्या झेब्रुगा बंदरातून ते पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघालं. दरवाजे लावायची ज्याची जबाबदारी होती तो झोपला होता. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, काही मिनिटांत जहाज कलंडलं, 193 माणसं गेली. पण 1983 मध्ये त्याच कंपनीचं, याच जातीचं दुसरं जहाज अगदी असंच, संबंधित माणूस झोपल्यामुळे, उघड्या दरवाजांनी समुद्रात गेलं होतं आणि सुखरूप पोहोचलं होतं. कंपनीच्या कप्तानांनी मागणी केली होती की दरवाजे बंद आहेत की उघडे हे दाखवणारा दिवा ब्रिजवर, म्हणजे कप्तान जिथून जहाज चालवतो तिथे, बसवा. कार्यालयातून आलेल्या उत्तरांमध्ये त्या मागणीची चेष्टा होती. दुर्घटनेनंतर उरलेल्या जहाजांवर ते दिवे काही दिवसांतच बसले. कप्तानांनी मागितलं ते इतकं सोपं काम होतं.

म्हणून मला 'आमचे लोक सांगतच नाहीत हो' ही तुमची तक्रार पटत नाही. का सांगतील? सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "तू तिथे काय करत होतास?" दुसऱ्या दिवशी मेमो. ठेकेदाराच्या माणसाला तर मेमोही मिळत नाही, त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतात. त्यात फाटकापाशी तो मोठा फलक लावलेला असतो, इतके दिवस अपघात नाही म्हणून. त्या आकड्यावर बक्षीस ठेवलेलं असतं. आकडा शून्यावर आणणारा माणूस सगळ्या खात्याचं बक्षीस घालवतो. मग बोट कापलं तरी तो खिशात हात घालून घरी जातो. थोडक्यात वाचल्याचं तर बोलूच नका. हे फलक काढा. मनापासून सांगतो, त्यांनी एकाही माणसाचा जीव वाचवलेला मी पाहिलेला नाही आणि अनेकांची तोंडं बंद केलेली पाहिली आहेत.

तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर बहुधा तो त्रिकोणही असेल. हर्बर्ट हाइनरिक यांनी 1931 मध्ये मांडलेला: एका गंभीर दुखापतीमागे 29 किरकोळ दुखापती आणि कुणालाही न लागलेल्या 300 घटना. 1969 मध्ये फ्रँक बर्ड यांनी तो वरचा एक धरून त्याखाली 10 किरकोळ दुखापती, फक्त वस्तूंचं नुकसान झालेल्या 30 घटना आणि काहीच न झालेल्या 600 घटना असा मांडला. हे प्रमाण प्रत्येक धंद्यात तसंच येईल असं नाही, त्यावर पुष्कळ वादही झालेत. पण तळ रुंद असतो हे तुम्हीच आम्हाला शिकवता. मग तुमच्या मासिक अहवालात 'नियर मिस : निरंक', म्हणजे होता होता राहिलेला एकही अपघात नाही, असं येतं तेव्हा तुम्हाला झोप कशी लागते?

काय करायचं ते मोठं अवघड नाही. कळवण्याचा कागद सुपरवायझरकडे न जाता अशा कुणाकडे जाऊ द्या ज्याच्या हातात हजेरी, बढती, कंत्राट यातलं काही नाही. तो त्याच शिफ्टमध्ये घ्या, आणि माणसाला आधी शांत बसू द्या. भीतीच्या क्षणी काळ थांबल्यासारखा वाटतो हे आम्ही सगळेच सांगतो. डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये स्वेच्छेने आलेल्या लोकांना 31 मीटर उंचीवरून जाळीत सोडून हे तपासलं. पडताना त्यांना काही जास्त वेगाने दिसत नव्हतं. मागाहून आठवताना मात्र आपलं पडणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी एक तृतीयांशाहून जास्त लांब वाटत होतं. आठवण अशी दाट बसते, पण चार जणांना सांगता सांगता तिचे कोपरेही घासले जातात. आठवड्याने बोलावलंत तर तुम्हाला किस्सा मिळेल. गंजलेल्या तारांची टोकं मिळणार नाहीत. तीसुद्धा जपून ठेवा. तुटलेली वस्तू भंगारात टाकायची नाही, हा नियम तर आजच लावता येईल.

कागदावर ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी घ्या. आमच्याकडे धोक्याच्या जागी सगळ्यात आधी तोच उभा असतो.

आणि मिळालेल्या माहितीचं काहीतरी करा. नुसती मोजदाद करून भागत नाही. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाबाहेर लॅडब्रोक ग्रोव्ह इथे एसएन 109 नावाचा सिग्नल होता. तो चालकांना नीट दिसत नसे. 1993 पासून पुढच्या काही वर्षांत आठ वेळा गाड्या तो लाल असताना पार करून गेल्या होत्या. आठही वेळा नोंद होती. सिग्नल तिथेच राहिला. 5 ऑक्टोबर 1999 ला आणखी एक गाडी तो ओलांडून गेली आणि समोरून येणाऱ्या वेगवान गाडीला धडकली. 31 माणसं गेली. वेगवेगळी माणसं एकाच जागी चुकत असतील तर जागेत खोट आहे, हे कळायला नववी वेळ लागायला नको होती.

ज्याने कळवलं त्याला पंधरवड्याच्या आत सांगा की आम्ही हे केलं, किंवा हे करू शकत नाही आणि का. दोनदा उत्तर आलं नाही की तिसऱ्यांदा कुणी येत नाही. आणि तुमच्याकडे कळलेलं शेजारच्या शेडला, दुसऱ्या कंपनीला, दुसऱ्या रुग्णालयाला कळवा. नाव काढून टाका, पण कळवा. 'आपली लाज बाहेर कशाला' असं कुणी म्हणेल तेव्हा त्याला माउंट वेदरचं सांगा.

सुरुवात तुमच्यापैकी कुणीतरी करावी असं मला वाटतं. तुम्हीही कधीतरी खाली उभे होता, गाडी चालवत होता, ऑपरेशन थिएटरमध्ये पहिल्या वर्षाला होता. तुमच्याकडेही असा एखादा प्रसंग आहे. पुढच्या शिफ्टच्या आधीच्या बैठकीत हेल्मेट-बूट तपासून झाले की तो सांगा, सगळ्यांसमोर, काय तुटलं आणि कशाने वाचलात ते. मग रांगेत सगळ्यात मागे उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या पोराला विचारा, तुझं काही आहे का. त्याचा मुकादम शेजारी नसताना विचारा.

आपला विश्वासू,
देखभाल विभागातला एक फिटर